सळईवरचा लाल धागा

दसऱ्याच्या दिवशी विमानाला लाल धागा मी बांधला होता. उडवायच्या आधी सरांनी विचारलं, "पूजेचं सगळं काढलं ना?" मी म्हणालो, "काढलं." काढलेलं नव्हतं. पुढं जे झालं त्याचा आळ दुसऱ्यावर आला आणि तो येत असताना मी तिथंच उभा होतो. हे मी तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. आईपासून लपवणं सगळ्यात कठीण गेलं, कारण धागा तिनंच दिला होता.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला सभ्यपणा समजतात. मी ज्या संस्थेत मशीनकाम शिकवतो तिथले सहकारी म्हणतात, "यांच्या तोंडून कधी कोणाची निंदा ऐकली नाही." कशी ऐकाल? तोंड उघडलं की आधी काय बाहेर पडेल याची मला धास्ती होती. आणि दरवर्षी नव्या पोरांसमोर उभा राहून मीच सांगतो, काम करताना चूक झाली तर लगेच सांगायची, लपवायची नाही. असं सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापत नाही. त्या आवाजाची मला चीड येते.

यवतमाळजवळच्या लोहारा गावच्या औद्योगिक वसाहतीत सरांचं एक लहानसं वर्कशॉप होतं. सर हवाई दलातून निवृत्त झालेले. उभी नोकरी विमानाच्या इंजिनांवर काढलेली, आणि इथं येऊन कपाशीवर फवारायचे पंप दुरुस्त करायचे. आयटीआय करून आम्ही दोघं त्यांच्याकडं कामाला लागलो. एक मी, यवतमाळातल्या एका कारकुनाचा मुलगा. दुसरा तो, नेरकडच्या एका तांड्यावरचा. नावं लिहीत नाही. त्याचं लिहायचा मला हक्क नाही आणि माझं लिहायची हिंमत अजून होत नाही.

त्याचा बाप शंकरपटात जोडी हाकायचा. बैलजोड्यांच्या शर्यतीत धुरकरी म्हणून त्याचं नाव चार तालुक्यांत होतं. पोरगा लहानपणापासून कासरा हातात धरूनच वाढला. पंपाचा घट्ट बसलेला नट मी पान्यानं हिसडून हिसडून सोडवायचो. तो आधी बोटानं चाचपायचा, मग पाना लावायचा, आणि नट सुटायचा. मी म्हणायचो, "जादू केली काय बे?" तो म्हणायचा, "बैलाले हिसडला तं बैल अडते गड्या. त्याले आधी समजू द्या लागते."

सरांच्या ट्रंकेत दोन खोके होते. दोन्हीत एकाच जातीचं लहान विमान, तुकड्यातुकड्यांत. हलक्या बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, त्यावर छापलेले आकार, पंखाच्या फासळ्या, वर चढवायचा झिरझिरीत कागद आणि घडी घालून घालून फाटायला आलेला नकाशा. उन्हाळ्यात काम मंदावलं तेव्हा सरांनी एक खोका उघडला. म्हणाले, "बांधा दोघं मिळून."

विमानाच्या नाकात लहानसं इंजिन असतं, पण हे विमान रेडिओवर चालत नाही. उडवणारा मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातात एक मूठ असते, मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा विमानापर्यंत जातात आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल फिरतं. पंखाच्या पोटात एक तिकोनी पत्रा बसवलेला असतो. मूठ वर कलली की वरची तार ओढली जाते, पत्रा डोलतो, त्याला जोडलेली सळई शेपटीची फळी उचलते आणि विमान चढतं. मूठ खाली केली की उतरतं. बस, एवढंच. आमच्या विमानात ती सळई पोटाच्या बाहेरून जायची आणि शेपटीजवळ तिला एक वाक होता. तो वाक ध्यानात ठेवा. मी तो कधी विसरलो नाही.

बांधलं दोघांनी मिळून, पण खरं सांगायचं तर बांधलं त्यानं. माझ्या हातून तीन फासळ्या मोडल्या. उडवायला शिकलो तेव्हा माझ्या हाती विमान चार फेऱ्यांत जमिनीला लागायचं, कारण गोल फिरताना मला गरगरायचं. त्याला नाही. तो मूठ धरायचा ती कासरा धरल्यासारखी, सैल पण जागी. सर लांब उभे राहून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. सरांचं न बोलणं म्हणजे शाबासकी हे आम्हाला ठाऊक होतं. मला ती कधी मिळाली नाही.

नागपूरला विमानाच्या इंजिनांचं काम शिकायची एक जागा होती. तिथं सरांचे जुने सोबती होते. सर आम्हा दोघांपैकी एकाच्या नावानं शिफारशीची चिठ्ठी देणार होते. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. दसऱ्याला वसाहतीतल्या मैदानावर सगळ्यांसमोर विमान उडवायचं ठरलं आणि मूठ त्याच्या हाती द्यायची ठरली. मी विमान धरून सोडणारा.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, लेथ, पंप, सगळ्यांना हळदकुंकू. मधोमध पाटावर विमान, त्याच्या नाकावर झेंडूचं फूल. निघताना आईनं मला देवाजवळचा लाल धागा दिला होता. म्हणाली, "विमानाले बांध. अन् कापू नोको बरं, पूजेचा हाय. आपल्यानं तुटला तं तुटू दे." आमच्याकडं मनगटावरचा धागासुद्धा कोणी कात्रीनं कापत नाही, तो झिजून गळेपर्यंत राहू देतात. मी तो विमानाच्या पोटाभोवती, सळईवरूनच गुंडाळला आणि पाच गाठी मारल्या. धागा त्याच्या यशासाठी नव्हता. आईनं तो माझ्यासाठी दिला होता आणि बांधताना मी नागपूर नागपूर असंच म्हणत होतो.

दुपारी सरांनी बजावलं, "फुलं, दोरे, काही राहता कामा नये." फुलं मी काढली. धाग्याच्या गाठी सुटेनात. ब्लेड समोर होतं. मी ब्लेड उचललं आणि ठेवलं. कापायचा नसतो. मग मी तो पुढं सरकवला, पंखाखाली, कोणाला दिसणार नाही असा. आणि सरांनी विचारल्यावर म्हणालो, "काढलं."

आज मला त्या श्रद्धेचा राग येत नाही. आईनं जे दिलं ते प्रेमानं दिलं. राग येतो तो त्या "काढलं"चा. "सर, धागा आहे, आईनं कापू नको सांगितलंय," एवढं बोललो असतो तर सर हसले असते, त्यांनी स्वतः गाठ सोडवली असती आणि विषय संपला असता. पण मला सरांसमोर आईचं ऐकणारा मुलगा दिसायचं नव्हतं, आणि आईसमोर न ऐकणारा दिसायचं नव्हतं. दोन्हीकडं चांगलं राहायची माझी खोड. ती अजून गेलेली नाही.

मैदानावर बरीच माणसं जमली होती. त्याचा बाप तांड्यावरच्या तिघांना घेऊन बसनं आला होता आणि पुढंच उकिडवा बसला होता. मित्रानं मूठ वरखाली करून शेपटी तपासली. हलत होती. इंजिन सुरू झालं, मी विमान सोडलं. पहिल्या सहासात फेऱ्या अशा गेल्या की बापानं शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. मग इंजिनाच्या थरथरीनं आणि उडणाऱ्या तेलानं धागा मागं सरकला असणार, सरकत सरकत सळईच्या वाकापाशी गेला असणार. विमान चढायला लागलं आणि चढतच राहिलं. तारा ढिल्या पडल्या. तो झपाझप मागं सरकला, कारण तारा ताणायला तेच करावं लागतं. बघणाऱ्यांना वाटलं, याचा तोल गेला. विमान त्याच्या डोक्यावरून उलटं झालं आणि नाकावर आपटलं.

सगळ्यात आधी मी पोचलो. पंखाचे तुकडे झाले होते, शेपूट मात्र शाबूत होती. आपटण्यात धागा तुटला होता आणि वाकात त्याची तेलानं भिजलेली गाठ अडकलेली होती. ती मी बोटानं ओढली. मघाशी जी सुटत नव्हती ती आता सळईवरून सुरकन निसटली. खिशात घातली. मागून सर आले, खाली बसले, शेपटीची फळी हलवून पाहिली.

"मोकळी आहे," सर म्हणाले. मग त्याच्याकडं बघून, "वर का ओढलंस?"

"नाही ओढलं सर. तेच चढलं."

"विमान स्वतःहून चढत नाही."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "तांड्यावरच्याले विमान देल्लं सर तुमी! त्यानं बैलावानी हाकललं!" लोक खदखदून हसले. मीही हसलो. आवाज केला नाही, पण हसलो, आणि त्यानं मला हसताना पाहिलं.

सर, तुम्ही आता नाही आहात, म्हणून लिहितो. हयात घालवलीत तुम्ही मशिनीत चूक शोधण्यात. एकेका पंपाचा वॉशर उलटापालटा करून बघायचात. आणि माणसाची चूक ठरवायला तुम्हाला दोन मिनिटं पुरली. पाची गाठींचा माग शेपटीच्या लाकडावर पुसट लाल उमटला होता. मला दिसला. तुम्हाला का नाही दिसला?

त्याचा बाप उठून आला. पोराचा उजवा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलला आणि बसस्टँडकडं चालू लागला. मला ते शब्द कळले नाहीत. संध्याकाळी सोनं वाटताना मित्रानंच सांगितलं. "बा म्हनला, हात जड हाय तुहा." धुरकऱ्याच्या घरात याहून वाईट काही बोलता येत नाही. त्या हंगामात पटातल्या जोडीचा कासरा बापानं धाकट्याच्या हाती दिला. थोरल्याच्या हाती तो पुन्हा कधी आला नाही.

आता जे लिहितोय ते मी अजून मित्रालाही सांगितलेलं नाही. गाठ हाताला लागली त्या क्षणी मला आधी भीती वाटली नाही. आधी आनंद झाला. अगदी थोडा, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. नागपूर माझं झालं, हे मला शेपूट हातात असतानाच कळलं होतं.

झालंही तसंच. चिठ्ठी माझ्या नावानं निघाली. घरी आईनं पँट धुतली तर खिशाचं अस्तर लालसर झालेलं. "धागा पडला वाटते आपल्यानं," ती खूश होऊन म्हणाली, "पावला." मी हो म्हणालो.

पुढचं सगळं आयुष्य त्या चिठ्ठीवर उभं आहे. नागपूर, नोकरी, लग्न, मग परत यवतमाळला येऊन ही शिकवण्याची जागा. तो नेरला गेला आणि बसस्टँडजवळ फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्ही भेटत राहिलो, हे त्यातलं सगळ्यात घाण. लग्नात, मयतीत, बाजारात. तो चहा पाजायचा. मी प्यायचो.

मागच्या वर्षी सर गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीनं बोलावलं आणि तो दुसरा खोका माझ्या पुढ्यात ठेवला, न उघडलेला. म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी फार बोलायचे तुमच्या विमानाबद्दल. म्हणायचे, त्या नेरवाल्याचा हात फार चांगला होता, त्या दिवशी काय झालं कोण जाणे." म्हणजे सरांना शंका होती. तीस वर्षं होती. आणि त्यांनी ना त्याला विचारलं, ना मला. मी खोका उचलला आणि तिचे आभार न मानताच बाहेर पडलो.

पावसाळाभर बांधत बसलो. नीट नाही, रागानं. जुनं बाल्सा बिस्किटासारखं कडकड मोडायचं. खोक्यातल्या गोंदाचा दगड झालेला. नकाशा टाचण्यांनी टेबलावर ठोकताना मी असा ठोकायचो की बायको आतून ओरडायची, "अहो, भिंत पाडता काय?" फासळ्या ब्लेडनं कापायच्या, पॉलिश पेपरनं एकसारख्या घासायच्या, एकेक चिकटवायची. पाच फासळ्या माझ्या हातून गेल्या. तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात ते लाकडी नंदी करणाऱ्या सुताराकडून पांगाऱ्याचा तुकडा आणला आणि त्यातून नव्या कोरल्या. सुतार म्हणाला, "नंदी कराचा हाय का सर? नातवासाठी?" मी म्हणालो, "नाही. माझ्यासाठी." तो हसला. मला कोणाचंही हसणं तेव्हा चालत नव्हतं.

पंख झाला, कागद चढला, तिकोनी पत्रा बसला, तारा बाहेर आल्या. राहिली सळई. ती मी तीनदा वाकवली आणि तीनदा फेकली. वाक बरोबर येत होता. मलाच तो बघवत नव्हता. शेवटी विमान चादरीत गुंडाळलं आणि नेरची बस पकडली.

दुकानात तो एका गिऱ्हाइकाचा पंप उघडून बसला होता. चादर बाजूला केली तसा त्याचा हात थांबला.

"अरे बाप! हे कुठून काढलं बे?"

"सरांच्या घरून. दुसरा खोका."

"अन् तू बांधलं? एकट्यानं?" त्यानं पंखाखाली बोट फिरवलं. "पांगारा लावला काय इथं? वजन वाढलं लेका. एका बाजूनं झुकन हे."

"सळई बसत नाही माझ्याच्यानं."

"कशी बसन? तू हिसडत असशीन." त्यानं तारेचा तुकडा घेतला, पक्कडीनं एकदाच वाकवला, बसवला. मग बोटानं शेपटीची फळी वर केली, खाली केली. "पाह्य. मोकळी हाय."

तोच शब्द. मला वाटतं, तो शब्द आला नसता तर मी तेव्हाही चहा पिऊन परत आलो असतो.

मी सांगितलं. उभ्याउभ्या, गिऱ्हाईक समोर असताना. आईचा धागा, पाच गाठी, "काढलं", वाकातली गाठ, खिसा. आनंदाचं तेवढं गिळलं.

त्यानं पंपाचं झाकण लावलं, दांडा मारून पाहिला, गिऱ्हाइकाला दिला. "दाब कमी वाटला तं आनजा भाऊ." गिऱ्हाईक गेलं. मग माझ्याकडं वळला.

"तू हसला होता त्या दिवशी."

"हो."

"मले वाटे, हसला तं हसला, दोस्त हाय. पन मले एक समजे नाही. मी वर ओढलं नव्हतं, हे मले मालूम होतं. मंग लोक म्हनत गेले, बा म्हनत गेला, अन् दहा वर्षांनं मलेच वाटाले लागलं का ओढलं असन बाप्पा. माह्या हातावरचा माहा भरवसा तू नेला. नागपूर ने, चुलीत घाल. हात काहून नेला?"

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मले माफी नोको मागू. मले सांगून काय फायदा? मी तं तुले चहा पाजत होतो. माह्या बापाले सांग. जिता हाय अजून. त्याले ऐकू येत नाही, ओरडून सांगा लागते. सारा तांडा ऐकते."

"सगळा तांडा?"

"हो. सारा तांडा. मैदानावर काय कानात सांगतलं होतं का लोकायनं? आता तू ओरड." त्यानं विमान उचलून पंपांच्या वर, छताच्या हुकाला टांगलं. "हे इथंच राहीन. सांगून ये, मंग घेऊन जा."

पुढच्या रविवारी तांड्यावर गेलो. म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता. पलीकडं हापशीवर चारपाच बाया पाणी भरत होत्या. मी वाकून म्हणालो, "राम राम बाबा."

"कोन?"

"लोहाऱ्याचा!" मी ओरडलो. "पंपाच्या वर्कशॉपमधला!"

"पंप नाही बिघडला माहा."

हापशीवर हशा पिकला. मी आणखी जोरानं ओरडलो, "विमान! विमान आठवते का, दसऱ्याचं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "आठवते ना! आमच्या थोरल्यानं पाडलं ते. हात जड हाय त्याचा. आता धाकट्याचा पोरगा हाकलते जोडी, बंदी उठली, पट पुन्हा भरते ना आता." एवढं बोलून त्यानं आपला उजवा तळवा उलटा करून मला दाखवला, जणू तो जडपणा तिथंच लिहिलेला होता.

हापशी थांबली होती. बाया माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "नाही."

"काय म्हनलं?"

म्हाताऱ्याचा कान माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता. माझी छाती हवेनं भरलेली होती.

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी प्यायलो. तिथंही प्यायलो. परतीच्या बसमध्ये मला स्वतःच्या घशाची इतकी घृणा वाटत होती की शेजारच्या बाईनं "थोडं सरका" म्हटलं तर मी तिच्यावर खेकसलो. ओरडता येत होतं तर. तिच्यावर आलं ओरडता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "सांगतलं?"

"नाही."

"मंग ठेव फोन."

हे लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. म्हाताऱ्याला वाचता येत नाही. विमान नेरच्या दुकानात छताला लटकलेलं आहे. त्या म्हाताऱ्याला मी एक गोष्ट देणं लागतो: धागा मी बांधला होता आणि तुमच्या थोरल्याचा हात जड नव्हता, हे त्याच्या अंगणात उभं राहून, हापशीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगणं. ते मी अजून दिलेलं नाही.